दुरुस्तीनंतरची अक्षरं

या उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर चालेनासा झाला. म्हणजे सुरू व्हायचा, पण बटण दाबून मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावायचे, तीन शिट्ट्या व्हायच्या, मी परत येऊन बसायचे, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. तुमच्या आजोबांनी त्याचं नाव 'परतूरची बस' ठेवलं होतं. "येईल तेव्हा येईल," ते म्हणायचे, "तू सावलीत बसून घे."

मला हसू यायचं नाही, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये एक्केचाळीस फाइली होत्या. तुमच्यासाठी लिहिलेल्या. अकरा वर्षांपूर्वी, थोरली सहा वर्षांची आणि धाकटा दोन वर्षांचा असताना, मी पहिली लिहिली. मग तुमच्या वाढदिवसांना एकेक, दिवाळीला एक, कधी मनात आलं तर मधेच एखादी. लिहून झाली की ईमेलला जोडून तुमच्याकडे अमेरिकेत पाठवायची, असा नियम केला आणि पाळला. प्रत्येक फाइलीला क्रमांक, वर मथळा, शेवटी तारीख.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं. वडील रेल्वेत, सिकंदराबादला. शाळा मिशनच्या नन्सची, इंग्रजीच. पुढे जालन्यात येऊन तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजीच शिकवलं. तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. मुद्दाम मराठीत लिहिलं. इंग्रजी तुम्हाला तिकडे रस्त्यावर मिळतं, मराठी माझ्याशिवाय कोण देणार, असं मला वाटे. तुमच्याकडे दोनदा राहून आले तेव्हा दोघांकडून बाराखडी गिरवून घेतली होती. थोरलीला सरळ वाचता यायचं, धाकटा बोट ठेवून जुळवायचा. वाचणारे तयार आहेत, तर लिहिणारीने आळस करू नये, एवढंच.

फाइली छापून ठेवल्या नव्हत्या. ज्यांच्यासाठी लिहिल्या त्यांच्यापर्यंत पोचल्या आहेत, मग इथे कागद कशाला साठवायचे?

तर कॉम्प्युटर रिक्षात घालून मी दुकानात नेला. दुकानदार माझा विद्यार्थी. त्याला नववीत शिकवलं होतं. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, काहीतरी जोडून पाहिलं.

"मॅडम, म्हातारा झाला हा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. "म्हणजे डिस्क म्हातारी झाली. ती बदलून टाकतो, सगळं नव्यानं टाकतो. घोड्यासारखा पळंल बघा."

"आणि माझ्या फाइली?"

"एक बी जाणार न्हाई. बिलकुल टेन्शन घेऊ नका. फाइलीची गॅरंटी माझी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः आणून जोडून दिला. मी दहा मोजायच्या आत पडदा उजळला.

"आता कुकर कधी लावायचा?" आजोबा म्हणाले.

"फाइली सगळ्या आल्यात मॅडम. मोजून घ्या."

मी मोजल्या. एक्केचाळीस. फाइलींची नावं मी इंग्रजी अक्षरांत देत असे, त्यामुळे यादी जशीच्या तशी दिसली. मी त्याला चहा दिला, त्याच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. त्या संध्याकाळी मी अगदी समाधानात होते.

सकाळी अंघोळ-पूजा उरकून मी पहिली फाइल उघडली. नव्या कॉम्प्युटरवर आधी जुनं वाचावं, मग बेचाळिसावी सुरू करावी असा विचार होता. पानावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं होती, मोठी-लहान कशीही, मधे कंस, मधे टक्क्याची खूण, शब्दाच्या पोटात अर्धविराम. दुसरी उघडली. तिसरी. एक्केचाळीसही उघडल्या. माझी शाळा, माझी आई, तुमच्या बाबांचं लहानपण, सगळ्याचा तोच कचरा झालेला.

दुकानदाराला फोन केला.

"तुम्ही कायतरी दाबलं असंल मॅडम."

"मी काही दाबलेलं नाही."

"मंग येतो."

तो आला. बराच वेळ माऊस फिरवला. "फॉन्ट तर बराबर दाखवायलाय," तो म्हणाला आणि पानाच्या वरच्या डब्यावर बोट ठेवलं. त्या डब्यात अक्षरांच्या ठशाचं नाव असतं. माझ्या मराठी ठशाचं नाव तिथे स्वच्छ दिसत होतं. "फॉन्ट हाय, म्हणजे फाइलीच खराब झाल्या. करप्ट. जुन्या डिस्कमधीच झाल्या असतील."

"जुन्या डिस्कमध्ये गेल्या आठवड्यात मी त्या वाचत होते."

"मंग कॉपी होताना..." तो थांबला.

"जुनी डिस्क कुठे आहे?"

"ती मेली होती मॅडम. भंगारात दिली."

मग मी बोलले. नववीत तू दुसऱ्याचा निबंध उतरवून काढायचास, ते काय उतरवतोस ते वाचायचाही नाहीस, आणि आजही तेच करतोस, असं बोलले. आता स्वतः एका मुलीचा बाप असलेला माणूस, त्याला मी आमच्या बैठकीत उभं करून शाळेतल्या पोरासारखं झापलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. जाताना दारात वळून म्हणाला, "मॅडम, तुमचा मुलगा तर तिकडं कॉम्प्युटरमधीच हाय ना? त्याला एकदा दाखवा. हे मराठीचं काम आमच्याकडं आता कोणी आणतच न्हाई."

"मुलाला असल्या कामासाठी मी त्रास देत नाही," मी म्हटलं.

खरं तर कॉम्प्युटर बरा झाल्याची बातमी म्हणून तुमच्या बाबांना बेचाळिसावी पाठवायची होती. बेचाळिसावीच्या जागी एक्केचाळीस बुडाल्या हे सांगायला माझी जीभ वळली नसती. म्हणून ठरवलं, आपणच शोधायचं. शिकवताना पाठाचं टाचण काढायचे तसं वहीचं एक पान घेतलं आणि काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ते लिहायला बसले.

पहिली गोष्ट लक्षात यायला तास लागला. दर महिन्याच्या एक तारखेला मी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवते. दुरुस्तीच्या वेळी पेन ड्राइव्ह कपाटातच होता, त्याला दुकानाचा वाराही लागलेला नव्हता. तो काढून लावला. त्यातल्या फाइलीही तशाच कचरा दिसल्या. मग वाटलं, थांब. कपाटातल्या फाइली दुकानदार कशा बिघडवेल? बिघाड फाइलींत नसणार. बिघाड त्या बघणाऱ्या यंत्रात आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. माझी प्रत्येक फाइल 'माझ्या लाडक्या पोरांनो' अशी सुरू होते. मी एक्केचाळीस फाइलींच्या पहिल्या ओळी एकीखाली एक ठेवून पाहिल्या. कचरा होता, पण सगळीकडे एकच कचरा. तेच कंस, तीच टक्क्याची खूण, त्याच जागी. सडलेल्या गोष्टीत एवढी शिस्त नसते. माझी अक्षरं जिवंत होती, फक्त त्यांचे कपडे कुणीतरी नेले होते.

तिसऱ्या गोष्टीला दोन दिवस गेले. ठशाचं नाव वर दिसतंय, मग ठसा नाही असं कसं म्हणायचं? तिथेच दुकानदार फसला होता आणि मीही. शेवटी त्या नावाशेजारचा बाण दाबून कॉम्प्युटरमधल्या सगळ्या ठशांची यादी उघडली आणि हजेरी घ्यावी तशी वरपासून खालपर्यंत वाचली. माझा ठसा यादीत नव्हता. डब्यातलं नाव म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाची दारावरची पाटी होती. फाइल एवढंच सांगत होती की मला हा ठसा लागतो. तो आहे की नाही हे ती सांगत नव्हती.

"म्हणजे चोर सापडला?" आजोबांनी पेपरामागून विचारलं.

"चोरी झालीच नाही. हा ठसा कॉम्प्युटरबरोबर आलेलाच नव्हता. तो मला प्रेसवाल्याने घरी येऊन टाकून दिला होता."

"मंग त्या बिचाऱ्याला कशाला झापलंस?"

मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या.

प्रेसवाला जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत. रिक्षा आत जात नाही, शेवटचा तुकडा गाठोडी चुकवत चालत जावं लागतं. वडीगोद्रीच्या बाजूचा माणूस, घरची मेंढरं भावाकडे सोपवून शहरात येऊन कंपोझिंग शिकलेला. आमच्या शाळेचे वार्षिक अंक आणि प्रश्नपत्रिका त्याच्याकडे निघायच्या. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर मराठी टाइप करायला त्यानेच शिकवलं.

"बाई!" मला बघून तो उठलाच. "मागच्या खेपेला आल्त्या तेव्हा अंकात एकोणीस चुका काढल्या होत्या. आज कशाच्या काढता?"

मी सगळं सांगितलं. तो हसला.

"तुमचा फॉन्ट मेला न्हाई बाई. लग्नपत्रिका अजून त्याच्यातच करून राह्यलो. नव्या फॉन्टमधी गणपती बराबर बसत न्हाई."

त्याने माझा पेन ड्राइव्ह त्याच्या कॉम्प्युटरला लावला आणि पहिली फाइल उघडली. 'माझ्या लाडक्या पोरांनो.' काळ्या, गोल, ठसठशीत अक्षरांत. मी स्टुलावर न बसता उभ्यानेच अख्खं पान वाचलं. त्यात एक शब्द चुकीचा टाइप झालेला दिसला, तोही त्या क्षणी मला हवाहवासा वाटला. तीन दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

त्याने ठसा पेन ड्राइव्हवर टाकून दिला, कसा बसवायचा ते कागदावर पायरी-पायरीने लिहून दिलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "हे कुणाला पाठवता का कशाला, बाई?"

"नातवंडांना. अमेरिकेला. अकरा वर्षं झाली."

त्याने कागदावरून मान वर केली. "त्यांच्या कॉम्प्युटरमधी हा फॉन्ट टाकलाय का कुणी?"

मी पर्समधून पैसे काढायला लागले.

"न्हाई, कारण मंग त्यांना दिसणार न्हाई. तुम्हाला तीन दिवस दिसलं, तसंच दिसंल."

"त्यांना दिसतं," मी म्हटलं. "ती वाचतात. प्रत्येक वेळी उत्तर येतं."

"मंग टाकला असंल की तुमच्या पोरानं. तो तर त्याच लाइनीतला," तो घाईघाईने म्हणाला, आणि उगीचच टेबलावरच्या पत्रिका सारख्या करायला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्यावरून मला कळलं.

परतीच्या रिक्षात मी उत्तरं आठवत होते. तुमची उत्तरं मला तोंडपाठ आहेत, कारण ती एकाच वाक्याची आहेत. 'खूप छान आजी.' कधी 'खूपच छान'. कधी खाली हृदय, कधी हात जोडलेले. घरी येऊन कागदाबरहुकूम ठसा बसवला. एक्केचाळीसही फाइली उजळल्या. मी त्या वाचत बसले नाही. ईमेल उघडलं आणि चौतीस क्रमांकाची फाइल पाठवली होती तो दिवस शोधला.

चौतिसावीत माझ्या भावाचं मरण आहे. तो परतूरला राहायचा, इथून तासाभराच्या वाटेवर, पण टाळेबंदी होती आणि मला जाता आलं नाही. त्याला शेवटचं बघता आलं नाही, ते मी चार पानांत लिहिलं होतं. आयुष्यात त्याच्याइतकं कुणाशी भांडले नाही, हेही लिहिलं होतं. त्याखाली तुमचं उत्तर होतं: 'खूप छान आजी! असंच लिहीत राहा.' आणि दोन लाल हृदयं.

ते उत्तर त्या दिवशीही मी वाचलं होतं. वाचून स्वतःला काय सांगितलं तेही आठवतं. मुलं आहेत, दुःखाच्या पत्राला काय लिहावं त्यांना सुचलं नसेल. लिहिलंय छान म्हणून छान म्हणाली.

तीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे कळू नये? धडा न वाचता आलेला मुलगा मी तिसऱ्या प्रश्नाला पकडायचे. पहिल्या प्रश्नाला तो 'छान आहे' म्हणतो, दुसऱ्याला 'त्यात चांगली माहिती दिली आहे' म्हणतो, तिसऱ्याला खिडकीबाहेर बघतो. वर्गात मी कुणालाही तिसऱ्या प्रश्नावाचून सोडलं नाही. तुम्हाला अकरा वर्षांत एकही विचारला नाही. फोनवर 'आवडलं का गं?' म्हणायचे, 'हो आजी' यायचं, आणि मी पटकन जेवणाची चौकशी करायचे. मला ते उत्तर हवं होतं, म्हणून पुढे गेले नाही. यात तुमच्याइतकीच मीही आहे, हे लिहून ठेवते.

रविवारी सकाळी, तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, फोन लागला. तुमचे बाबा, तुम्ही दोघं, सगळे पडद्यावर होतात. तुम्हाला आठवतच असेल, पण मला माझ्या बाजूने लिहायचं आहे.

"चौतीस नंबरात काय आहे?" मी विचारलं.

"चौतीस नंबर काय, आई?" तुमचे बाबा म्हणाले.

"मी पाठवलेली चौतिसावी फाइल."

"अगं, नंबरावरून कसं आठवेल?"

"मग कुठल्याही नंबरातलं सांग. एक्केचाळिसांतलं एक काहीतरी."

बाबांनी चष्मा काढून पुसला. माझा मुलगा लहानपणापासून अडचणीत आला की काहीतरी पुसायला घेतो. तेवढ्यात थोरली म्हणाली, "आजी, ते कधीच ओपन नाही झालं. म्हणजे ओपन व्हायचं, पण सगळे सिंबॉल्स असायचे."

"कधीपासून?"

"ऑलवेज. मी सिक्स होते तेव्हापासून. बाबा म्हणाले, आजीला छान लिहून टाक, तिला बरं वाटेल."

"तसं नाही गं," बाबा म्हणाले. "आई, ऐक. पहिली फाइल आली तेव्हा मी ऑफिसात होतो. बघितलं, फॉन्ट नाहीये. म्हटलं, घरी जाऊन टाकू. तुला कळवलं, छान आहे. मग राहून गेलं. मग दुसरी आली. आता तुला काय सांगू, की पहिल्या वेळी न वाचताच छान म्हणालो? मग तिसरी आली."

"किती वेळ लागला असता?"

"कशाला?"

"ठसा टाकायला."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पाच मिनिटं."

"मी एकदा डीकोड करायला बघितलं होतं," धाकटा मधेच म्हणाला. "मला वाटलं सीक्रेट कोड आहे. प्रत्येक लेटरवर सेम वर्ड होता ना सुरुवातीला, मी तो कॉपी करून ठेवला. मला वाटलं ते माझं नाव असेल. पण लेटर्स जुळले नाहीत."

"कधी?"

"थर्ड ग्रेडमध्ये. एक पूर्ण सॅटर्डे."

"मग विचारलं का नाहीस मला?"

"बाबा म्हणाले विचारू नको."

मी म्हटलं, "बरं. जेवणं झाली का तुमची?" आणि मग हवेबद्दल, बाबांच्या पाठदुखीबद्दल आपण बोललो. शेवटी ते म्हणाले, "आई, सॉरी. आता पीडीएफ करून सगळ्या पाठव ना. त्यात फॉन्ट लागत नाही. आम्ही नक्की वाचतो."

"बघते," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा आजोबा माझ्यामागे उभे होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण हे सगळं ऐकू आलं होतं.

"मला तरी कधी दाखवलंस?" ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात, छापून आल्यावर वाचीन."

"म्हणलो होतो खरं." थोडा वेळ त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे वाचणारे आम्ही चौघं, आणि एकानं बी वाचलं न्हाई. तुझ्या शाळेत असा वर्ग कधी होता का?"

मी हसले. त्या आठवड्यात तेवढंच एकदा हसले.

सोमवारी दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यांच्यासमोरच सांगितलं की चूक तुझी नव्हती, तू फाइली जशाच्या तशा दिल्यास, मी तुला विनाकारण बोलले. तो अवघडून उभा राहिला. "जाऊ द्या ना मॅडम. तुम्ही चूक म्हणलं की आम्हाला आपलं खरंच वाटतं. चार दिवस मी बी समजून राह्यलो होतो की माझ्याच हातून कायतरी झालं." म्हणजे त्या भल्या माणसाने चार दिवस स्वतःचं काम स्वतःच तपासलं असणार, आणि तिकडे ज्याला पहिल्या दिवसापासून बिघाड माहीत होता त्याने अकरा वर्षं बोटसुद्धा उचललं नाही. हे मी त्याला सांगितलं नाही.

मग मी फाइलींच्या पीडीएफ केल्या. प्रेसवाल्याने दाखवलं होतं, अवघड नाही. एका दुपारी सगळ्या झाल्या. पाठवण्याआधी एकदा वाचून बघाव्या म्हणून बसले, आणि तिथे अडकले.

पहिल्या दहा फाइली सहा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेल्या आहेत. 'जात्यावर दळणं म्हणजे काय ते तुला सांगते हं' अशी वाक्यं आहेत. हुरडा कसा भाजतात ते सांगताना मी मधेच 'चटका बसेल, लांब उभी राहा' असं लिहिलंय. पुढच्या काहींत धाकट्याला राग येऊ नये म्हणून त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद आहे, सोप्या शब्दांत, जोडाक्षरं टाळून. जोडाक्षरं टाळून तीन-तीन ओळी लिहायला मला अर्धा दिवस लागायचा. ती मुलं आता नाहीत. थोरली सतरा वर्षांची आहे, गाडी चालवते. धाकट्याचा आवाज फुटला आहे. ज्यांना चटका बसेल म्हणून मी सावध केलं त्यांना आता हे वाचायला दिलं तर ती हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल. ठसा परत मिळाला, फाइली परत मिळाल्या, पण ज्या वयाला त्या पोचायला हव्या होत्या ते वय कुठल्या दुकानातून आणायचं? आणि तुमच्या 'खूप छान'वर भरवसा ठेवून मी तसंच लिहीत राहिले. तुमच्यातल्या एकाने जरी म्हटलं असतं की आजी, आता मी मोठी झाले, आता असं लिहू नकोस, तर विसाव्या फाइलीपासून मी वेगळी लिहिणारी झाले असते.

तुमचे बाबा दर रविवारी विचारतात, "पाठवल्यास का, आई?" मी म्हणते, "पाठवते हं." तेही पुढे विचारत नाहीत, मीही पुढे बोलत नाही. असं गोड उत्तर द्यायला फार अक्कल लागत नाही, हे मला उशिरा कळलं.

म्हणून या पत्रात नियम सांगते. सगळ्या फाइली मी पाठवणार नाही. 'सगळ्या पाठव' हे मागणं मी मागणं धरत नाही. ज्याला हवी त्याने कुठली हवी आणि का हवी ते सांगायचं. मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा, मला दोन्ही येतात. ती एक मी पाठवेन. न मागितलेल्या इथेच राहतील. हे पत्र नव्या पद्धतीच्या अक्षरांत टाइप केलं आहे. ते फोनवरही दिसतं, प्रेसवाल्याच्या फोनवर पाठवून मी खात्री करून घेतली. तेव्हा दिसलं नाही ही सबब या वेळी नाही.

परवा धाकट्याने एकट्याने फोन केला. बाबा घरात नव्हते बहुतेक. म्हणाला, "आजी, त्या फॉर्टीवनमध्ये एकात तरी मी आहे का? म्हणजे हॅपी बर्थडे वगैरे नाही. खरा मी."

अकरा वर्षांत फाइलींबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

आहेस. सतरा क्रमांक. तू पाच वर्षांचा असताना इथे आला होतास, आणि शेजारच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत काय केलंस ते सगळं त्यात आहे. ती फाइल या पत्राला जोडली आहे. तीन पानं आहेत. जोडाक्षरं आहेत, अडलास तर मला विचार, बाबांना नको. आणि आधीच सांगून ठेवते, त्यात तुझ्याबद्दल सगळंच चांगलं लिहिलेलं नाही.